गणिताच्या तासाला गोंधळायलाही वेळ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या गणिताच्या निकालाची चर्चा दरवर्षी होते. परंतु उदाहरण सोडवताना विद्यार्थी नेमका कोठे अडला आणि अडल्यावर त्याने काय विचार केला, याची दखल वर्गात किंवा घरी क्वचितच घेतली जाते.

शेकडेवारीचे एक साधे उदाहरण पाहा. ५०० रुपयांच्या वस्तूची किंमत शेकडा २० ने वाढवली व वाढलेली किंमत पुन्हा शेकडा २० ने कमी केली, तर किंमत किती होईल? पुष्कळ मुले तत्काळ ‘५००’ म्हणतात. आकडेमोड केल्यावर आधी ६०० आणि मग ४८० येतात, तेव्हा ती बावरतात. काहींना तर आपला गुणाकारच चुकला असे वाटते. नेमक्या याच वेळी शिक्षकाने रीत सांगून टाकली, तर मुले ती उतरवून घेतात आणि विचार तेथेच थांबतो. त्याऐवजी ‘२० रुपये कमी का झाले?’ एवढेच विचारून थोडे थांबले, तर वाढ ५०० वर मोजली होती आणि घट मात्र ६०० वर, हे मुलांपैकीच कोणीतरी शोधून काढते. शेकडा मोजायचा तो कशावर, हे एकदा असे स्वतः उमगले की नफा-तोटा आणि चक्रवाढ व्याज समजायलाही त्याचा उपयोग होतो.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते की, एका बसमध्ये ३६ सैनिक मावत असतील तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, तरी ३२ हे उत्तर २३ टक्क्यांनीच दिले. २९ टक्क्यांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. उरलेले १२ सैनिक जाणार कसे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आपली मुलेही वर्गसमीकरणाचे ऋण उत्तर ‘लांबी ऋण नसते’ हे पाठ वाक्य लिहून वगळतात, तेव्हा त्यामागे विचार किती असतो, हे शिक्षकांनी विचारून पाहावे.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे मांडले. मिळालेल्या उत्तराकडे मागे वळून पाहणे हा त्यांतला शेवटचा. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत आपल्याकडे सर्वांत आधी तोच गळतो. ४० गुणांची प्रश्नपत्रिका दोन तासांत सोडवायची असल्याने शिक्षकांचीही ओढाताण होते, हे मान्य आहे. तरीही सरावसंचातील दोन उदाहरणे कमी घेऊन उरलेल्यांवर मुलांना बोलते करता येईल. तसेच अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपैकी काही गुण ‘मी कोठे अडलो आणि पुढे काय केले’ हे स्वतःच्या शब्दांत लिहिण्यासाठी राखून ठेवावेत, अशी मंडळाला विनंती आहे.

आपली,
एक गणित शिक्षिका, सातारा