अर्बरेश टिकली, अहिराणी का नको?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मदर तेरेसांची मातृभाषा अल्बेनियन. त्या १९१० साली स्कोप्ये (आजच्या उत्तर मॅसेडोनियाची राजधानी) इथे जन्मल्या, आणि तिथे आजही मॅसेडोनियन व अल्बेनियन एकाच बाजारात ऐकू येतात. ही भाषा आपल्या मराठीची लांबची नातेवाईकच! दोनाला ‘दू’, तीनाला ‘त्रे’. तिची लिपी मात्र १९०८ साली मोनास्तिर (आजचं बितोला) इथल्या परिषदेनंतर स्थिरावली.

मला जास्त भिडली ती दक्षिण इटलीतली गोष्ट. पाचेकशे वर्षांपूर्वी अल्बेनियातून गेलेल्यांच्या वंशजांची ‘अर्बरेश’ बोली काही गावांत अजून जिवंत आहे, भोवती सगळी इटालियन असताना. १९९९ च्या कायद्याने इटलीने तिला संरक्षणही दिलं.

माझं माहेर सटाण्याचं. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता विचारायची, “काय करी ऱ्हायनी?” शाळेत मी तसं बोलले की बाई सगळ्या वर्गासमोर ‘शुद्ध बोल’ म्हणायच्या. मग मी घरीही अहिराणी सोडली, आणि आज नातीला शिकवायला बसले की शब्द अडतात. सुरगाणा-पेठच्या कोकणा आदिवासी मुलांचंही हेच होतंय. नाशिकच्या शाळांनी आठवड्यातला एक तास तरी मुलांना घरच्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पंचवटी, नाशिक