विषय : जुन्या ब्रिटानियांवरची चुकीची वजावट आणि कापडाने पुसलेली मेपल लीफ

प्रति,
व्यवस्थापक, नाणी पुनर्खरेदी विभाग

आजचा तुमच्याकडचा चौथा फोन. आता लेखीच घ्या.

२०१० च्या दहा ब्रिटानियांवर, म्हणजे ब्रिटनच्या चांदीच्या नाण्यांवर, तुम्ही 'शुद्धता ९५८ (हजारात), वजावट ४.२ टक्के' लावलीत, आणि तीही एका ट्रॉय औंसातून (३१.१ ग्रॅम). २०१२ पर्यंतची ब्रिटानिया ९५८ चीच असते, पण तिचं वजन ३२.४५ ग्रॅम असतं. गुणाकार करा : शुद्ध चांदी ३१.०९ ग्रॅम, म्हणजे औंस पुरा. तांबं औंसाच्या वर घातलेलं आहे, औंसातून चांदी काढून नव्हे. २०१३ मध्ये शुद्धता ९९९ झाली, तेव्हा वजनही उतरलं.

हे तुमच्या 'तज्ज्ञां'ना सांगितलं. उत्तर : "आमच्या सिस्टीमला नाणं ३१.१ चंच आहे." काट्यावर ठेवलं होतं का? "हो, ३२.४ भरलं." मग वरचा सव्वा ग्रॅम कुठून आला? बराच वेळ शांतता. मग, "सर, काट्याचा फरक असेल." दहाच्या दहा नाण्यांना काटा नेमका तेवढाच चुकतो, आणि त्याच काट्यावर तुम्ही लोकांची चांदी घेता? त्यावर साहेबांनी तोडगा काढला : "हवं तर एक नाणं वितळवून बघू." धन्य आहे! नाण्याची किंमत ठरवायला नाणंच वितळवायचं.

आता मेपल लीफ, म्हणजे कॅनडाची चांदीची नाणी. २५ च्या ट्यूबमधल्या पाच नाण्यांवर दुधी डाग आहेत, हे फोटोंसह आधीच कळवलं होतं. हा मळ नव्हे. टांकसाळीत कोऱ्या चकत्या धुताना रसायन राहून जातं, भट्टीत ते पृष्ठभागावर पक्कं बसतं आणि पांढरेपणा पुढे कधीतरी वर येतो. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ मध्ये मिंटशील्ड हे डाग रोखायचं तंत्र आणलं ते याचसाठी. तुमच्या माणसांनी ती पाचही नाणी कापडाने घासली. डाग जिथल्या तिथे, आणि पानाभोवतीच्या मोकळ्या भागावर बारीक गोलाकार ओरखडे. दिवा आडवा धरा, भिंगाशिवायही दिसतील. मग शेरा काय, तर 'हाताळलेली नाणी, मोडीचा भाव'. ओरखडे तुमचे आणि वजावट आमची?

दहाही ब्रिटानियांची किंमत पूर्ण औंसाने लावा. पुन्हा सांगतो, पूर्ण औंसाने. पाच मेपलचा भाव पुसण्याआधीच्या फोटोंवरून ठरवा. सात दिवसांत जमत नसेल तर सगळी नाणी तुमच्या खर्चाने, विमा उतरवून परत करा. नाहीतर हा पत्रव्यवहार, तुमच्याच काट्याच्या पावतीसकट, ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईल. जाहिरातीत 'अचूक मूल्यांकन' छापणाऱ्यांकडून निदान गुणाकाराची अपेक्षा होती.

आणि परत पाठवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटात घालू नका. त्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, आणि तोही तुम्ही पुसायला घ्याल.