खोडलेल्या एका ओळीबद्दल आभार

दादा, नमस्कार.

फोनवर आभार मानून झालेत, पण ते फार घाईत झालं. राउटर नुकता मार्गी लागला होता आणि आनंदात मी काय बडबडले ते मलाच आठवत नाही. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण तुमच्याआधी ज्यांनी मला वाटेला लावलं त्यांच्याही डोळ्यांखालून गेलं तर बरंच.

महिनाभर माझी ५०० एमबीपीएसची लाइन सव्वादोनशेच्या वर सरकत नव्हती. जोडणी देणाऱ्यांच्या मदतकक्षाने राउटर बंद-चालू करायला सांगितलं, पाच वेळा. एक जण तर म्हणाला, "घरात कोणी जाणकार असतील तर त्यांना फोन द्या." घरातली जाणकार मीच आहे, हे त्याला पटवता पटवता कॉल संपला. ओळखीतल्या एका तज्ज्ञाने राउटरचा डबा न बघताच निकाल दिला: बिनपंख्याचा, चार कोअरचा (म्हणजे प्रोसेसरचे चार भाग) एवढासा फायरवॉल-राउटर, त्याच्याकडून काय होणार? मोठा घ्या!

आणि त्याला पुरावा मीच पुरवला. राउटरवरच आयपर्फ, म्हणजे दोन मशीनमधला वेग मोजणारा प्रोग्राम, चालू केलं, लॅपटॉपवरून मोजलं, आकडा आला २९०. झालं, डबा दोषी ठरला.

तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "आयपर्फ कुठे चालवलंत?" मी सांगितलं. तुम्ही क्षणभर गप्प, मग "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवलात. मला वाटलं, हेही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोटो आला. वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या पेनाने आकडे. रात्री तुम्ही तुमच्याकडचा तसलाच जुना डबा काढून, तारा जोडून बसला होतात. पहिली ओळ होती, "राउटरवर: ३१०", आणि तिच्यावर एक आडवी रेघ. शेजारी बारीक अक्षरात, "चुकीच्या जागी मोजलं. मी पण कित्येक वर्षं हेच करायचो." खाली, "आरपार: ९३८".

दादा, ते पान तुम्हाला स्वच्छ लिहून काढता आलं असतं. खालचा आकडा तेवढा पाठवला असता तरी माझं काम झालंच असतं. पण तुम्ही ती खोडलेली ओळ राहू दिलीत. मी तो फोटो मोठा करून तीनदा पाहिला. महिनाभर माझ्याशी बोलणारा प्रत्येक जण जन्मजात शहाणा होता; चुकून शिकलेला माणूस पहिल्यांदाच भेटला.

त्यानंतर तुम्ही जे म्हणालात ते मी आता सगळ्यांना ऐकवते: "पोस्टमनला पत्रं वाटण्याऐवजी वाचायला बसवलंत, आणि वर म्हणताय तो हळू आहे." राउटरचं काम पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, इकडून तिकडे नेण्याचं. आयपर्फ त्याच्याच अंगावर चालवलं की त्याचा इवलासा प्रोसेसर ती पॅकेटं रिचवण्यातच दमतो. मोजायचं ते त्याच्या आरपार, एक मशीन बाहेरच्या बाजूला, एक आतल्या.

आरपार मोजलं तरी माझ्याकडे २३० च! तेव्हा खरं तर मी रडकुंडीला आले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आता कोअर बघा." एक कोअर शंभर टक्क्यांवर घामाघूम, बाकीचे तिघे निवांत. आत येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट उघडून तपासणारी घुसखोरी-तपासणी मीच कधीतरी हौसेने चालू करून ठेवली होती आणि विसरले होते. एकाच प्रवाहाचा सगळा भार ती एका कोअरवर टाकत होती. ती बंद केली आणि आकडा थेट ९३६ (दोन मशीनमधला, ५००च्या लाइनचा नव्हे).

मग माझं नेहमीचं सुरू, हजार का नाहीत? या प्रश्नावर इतर कुणीही उसासा सोडला असता. तुम्ही हिशेब मांडलात. १५०० बाइटचं पॅकेट तारेवर १५३८ बाइटची जागा खातं आणि त्यात खरा माल १४४८ चाच, म्हणून गिगाबिटच्या, म्हणजे हजार एमबीपीएसच्या, तारेवर ९४१ ही भिंतच. आणि जाता जाता हेही, की राउटरला बाइट जड होत नाहीत, पॅकेटं जड होतात. पूर्ण आकाराची असतील तर सेकंदाला साधारण ८१ हजार, सगळ्यात लहान असतील तर १४ लाख ८८ हजार. खोक्यावर छापलेला वेग कुठल्या पॅकेटांनी मोजलाय, हे मी आता आधी विचारते. त्या तज्ज्ञालाही विचारलं. अजून उत्तर नाही.

ज्ञान असलेली माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला लहान न करता ते हातात ठेवणारी कमी. तुम्ही एकदाही "सोपं आहे हो" म्हणाला नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलंय.

मोठा डबा घेतला नाही. तपासणी बंदच आहे. बाहेरून आत यायला एकही पोर्ट उघडा ठेवलेला नाही, तेव्हा तूर्त चालेल असं तुम्हीच म्हणालात. तो फोटो छापून राउटरच्या वर भिंतीला चिकटवलाय. परवा भाचा विचारत होता, खोडलेलं कशाला लावलंस?

तुमची,
दोनदा मोजणारी