जिस्ट कार्डाचीही नक्कल तयार व्हावी

मा. संपादक,
स. न.

जुन्या संगणकांवर मराठी अक्षरं दाखवणाऱ्या जिस्ट कार्डाबद्दल हे पत्र. गेल्या महिन्यात माळा आवरताना साडेतीन इंची फ्लॉप्यांचा डबा हाती लागला. 1993 ते 1996 या काळात मी नारायण पेठेत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणीचं, काम करत होते. गणपती उठले की दिवाळी अंकांची घाई सुरू व्हायची, शेवटची प्रुफं निघायला रात्रीचे अकरा वाजायचे. त्या अंकांचा मजकूर या फ्लॉप्यांवर आहे. इतक्या पावसाळ्यांत बऱ्याच फ्लॉप्यांना बुरशी लागली. तेवीसपैकी नऊच वाचता आल्या.

आजच्या 64 बिटी विंडोजवर डॉस या जुन्या प्रणालीचे प्रोग्रॅम चालत नाहीत, म्हणून भाच्यानं लॅपटॉपवर डॉसबॉक्स घातलं. 2002 पासून मोफत मिळणारा हा इम्युलेटर जुन्या पीसीचा प्रोसेसर, व्हीजीए पडदा, आवाजाचं साउंड ब्लास्टर कार्ड या सगळ्यांची नक्कल करतो. आधी त्यानं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ लावला. तीच तळघरं, तीच साठ मिनिटांची मुदत. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही खेळायचो तसाच. मला फार आनंद झाला. मग माझी फाइल उघडली, तर मराठीचा पत्ता नाही. नुसता अनोळखी चिन्हांचा खच.

कारण साधं आहे. तेव्हा मराठी अक्षर डॉस काढत नव्हतं, मशीनमध्ये बसवलेलं जिस्ट कार्ड काढायचं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम पुढे आपल्या पुण्यातच, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलं. फाइलीत साठायचे ते फक्त अक्षरांचे क्रमांक. काना, वेलांटी, जोडाक्षर जागच्या जागी बसवणं हे कार्डाचं काम. डॉसबॉक्सला साउंड ब्लास्टर ठाऊक आहे, जिस्ट ठाऊक नाही.

क्रमांक मात्र शाबूत होते. इस्की हे त्यांचं भारतीय मानक 1991 चं, आणि आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या मानकातली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली. भाच्यानं दोन रविवार खर्चून इस्कीच्या क्रमांकांचा युनिकोडशी तक्ता जुळवला आणि एक कथा अक्षरन् अक्षर परत आली. तिचे लेखक आज हयात नाहीत. विंडोजवर गेल्यानंतरच्या फाइलींचं दुखणं याहून मोठं आहे, तिथे फॉन्टागणिक क्रमांक वेगळे आणि सॉफ्टवेअर डोंगलशिवाय (संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीशिवाय) उघडत नाही.

खेळ टिकले, कारण त्यांच्यावर जीव असणाऱ्यांनी चिकाटीनं काम केलं. ‘मेम’ हा इम्युलेटर 1997 पासून नाण्यावर चालणाऱ्या खेळांच्या यंत्रांतली एकेक चिप समजून घेऊन तिची नक्कल लिहीत आला आहे. आपल्या कार्डासाठीही हे होऊ शकतं. सीडॅकनं त्याचे आराखडे आणि त्यातल्या रॉमचा (कायमच्या स्मृतीच्या चिपचा) मजकूर खुला करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते कार्ड घडवणारी मंडळी आज निवृत्त असतील. त्यांच्याकडून समजून घ्यायचं ते आत्ताच घ्यायला हवं.

अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांना आणि पेठांतल्या मुद्रकांनाही सांगणं आहे, जुन्या फ्लॉप्या भंगारात घालू नका. आधी त्यांची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा, मजकूर उलगडणं नंतरही जमेल. फ्लॉपी ड्राइव्ह नसेल तर माझा यूएसबी ड्राइव्ह आणि भाच्यानं केलेला तक्ता मी आनंदानं देईन.

आपली,
एक माजी डीटीपी ऑपरेटर, पुणे