पित्ताची गोळी बंद कोणी करायची?

प्रति,
मा. श्री. जगत प्रकाश नड्डा,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण आणि रसायने व खते मंत्री,
नवी दिल्ली

विषय : वर्षानुवर्षं चालू राहणारी औषधं आणि ती चालू राहण्यातला नफा

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. औषध जेवढं खपेल तेवढा माझाही फायदा, हे आधीच सांगून टाकतो. औषधांच्या किमती रसायने व खते मंत्रालयाकडे आणि पेशंट आरोग्य मंत्रालयाकडे, ही दिल्लीतली जुनी वाटणी. सध्या दोन्ही खाती आपल्याकडेच असल्यामुळे एका पाकिटात काम भागतंय.

माझ्याकडे लोक लॅमिनेशन केलेल्या चिठ्ठ्या घेऊन येतात. प्लास्टिकच्या आत कागद पिवळा पडलेला, तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची, आणि खाली डॉक्टरांनी एकच शब्द लिहिलेला : कंटिन्यू. नियमानुसार डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं असतं. पण हा शब्द लिहिला की नियमाचं काम संपलं. चिठ्ठीवर साधारण पाच नावं असतात. बीपीची गोळी, शुगरची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, पित्ताची कॅप्सूल आणि शेवटी एक 'ताकदीची' गोळी.

पहिल्या तिन्हींबद्दल माझी तक्रार नाही. बीपी आणि शुगरच्या गोळ्या अनेकांना आयुष्यभर लागतात, आणि हे पत्र वाचून कोणी त्या परस्पर बंद करू नयेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आला. इतक्या लोकांना औषध पुरवणं हे मोठंच काम आहे आणि आपल्या कंपन्या ते करतात. माझं म्हणणं शेवटच्या दोघींबद्दल आहे.

पित्ताच्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात, पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन. जळजळीसाठी पँटोप्राझोलचा कोर्स साधारण चार ते आठ आठवड्यांचा. ज्याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत अशा माणसाला ते जास्त काळ द्यावं लागतं, तेही बरोबरच. पण गुडघेदुखीच्या पाच दिवसांच्या गोळ्यांसोबत सुरू झालेलं पँटोप्राझोल गुडघेदुखी थांबली तरी चालूच राहतं, त्याचं काय? २०१९ साली आपल्याच औषध महानियंत्रकांनी या गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला अचानक होणाऱ्या इजेचा इशारा छापायला सांगितलं. माहितीपत्रक पेशंट बघतो कुठे? मी पट्टी कापून देतो, त्याच्यासोबत कागद नसतो. डॉम्पेरिडोनचं तर आणखी पुढचं. हृदयाच्या ठोक्यांवर होणारा परिणाम बघून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीपुरतं ठेवलं. दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि एका आठवड्याहून जास्त नाही. आपल्याकडच्या कॅप्सूलमध्ये बहुधा तेच ३० मिलिग्रॅम भरलेलं असतं. माझी गिऱ्हाइकं ती रोज सकाळी उपाशीपोटी घेतात, आठवडा नव्हे, वर्षं झाली.

ताकदीच्या गोळीची पट्टी उलटी करून बघा. बऱ्याचदा तिच्यावर औषधाचा परवाना नसतोच, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर असतो. म्हणजे कायद्याने ती खाद्यपदार्थ, त्यामुळे औषध दर नियंत्रण आदेश तिला लागूच होत नाही. मात्र ती लिहिली जाते डॉक्टरांच्या लेटरहेडवर, बीपीच्या गोळीच्या खाली, तशाच अक्षरात. पेशंट दोन्ही तितक्याच श्रद्धेने विकत घेतो, आणि पैसे कमी पडले तर 'ताकदीची द्या, बीपीची पुढच्या वेळी बघू' म्हणतो. हे मी ऐकलेलं आहे.

हे कोणा डॉक्टरच्या वाईटपणामुळे होतं असं मला वाटत नाही. ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटं मिळत नाहीत, तेव्हा जुनी चिठ्ठी पुढे चालू ठेवणं सोपं असतं. नवीन औषध सुरू करा हे सांगायला दारात एमआर, म्हणजे कंपनीचा विक्री प्रतिनिधी, उभा असतो. जुनं बंद करा हे सांगायला कोणी येत नाही, कारण त्यात कोणाचं टार्गेट पूर्ण होत नाही. हेच एमआर नंतर माझ्या काउंटरवर येतात आणि कोणत्या डॉक्टरांनी कोणता ब्रँड किती लिहिला ते विचारतात. धंद्यात याला आरसीपीए म्हणतात. त्या आकड्यांवर डॉक्टरांची पुढची कॉन्फरन्स आणि पुढचं 'सायंटिफिक इनपुट' ठरतं. गोळी महिनाभर चालली की वर्षभर चालली, यात कंपनीच्या दृष्टीने बारा पटींचा फरक आहे.

यावर आपल्याकडे संहिता आहे, म्हणजे कंपन्यांनी औषधांचा प्रचार कसा करायचा याचे नियम. २०१५ पासून ती ऐच्छिक होती, १२ मार्च २०२४ ला नवी आली. भेटवस्तू नको, सहलींचा खर्च नको, हे सगळं तिच्यात लिहिलंय. पण तक्रार करायची कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीकडे, आणि शिक्षा म्हणजे ताकीद किंवा संघटनेतून काढणं. ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेल्याबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये ॲबव्ही कंपनीवर आपल्या औषधनिर्माण विभागाने ठपका ठेवला. खर्च सुमारे १.९१ कोटी. प्रकरण प्राप्तिकर खात्याकडे आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे पाठवलं गेलं, चांगलं झालं. पण संहितेखाली एक रुपया दंड करण्याचा अधिकार आपल्या विभागाला नव्हता. अशा भेटवस्तूंचा खर्च करवजावटीला पात्र नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच सांगितलं आहे. आणि संहितेला कायद्याचं बळ द्या म्हणून न्यायालयात कोण गेलं, तर एमआर मंडळींचीच देशव्यापी संघटना. विकणाराच सांगतोय, आम्हाला आवरा.

किमतीचं थोडक्यात सांगतो. २०१३ च्या दर नियंत्रण आदेशाआधी कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरायची. आता बाजारात एक टक्का वा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढून त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात. दर नियंत्रणाच्या यादीबाहेरच्या औषधांना दर वर्षी १० टक्के वाढ करायची मुभा. पूर्ण मुभा वापरली तर १०० रुपयांची पट्टी दहा वर्षांत २५९ रुपयांवर जाते. पेशंट आयुष्यभराचा असेल तर हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी शुगरची गोळी काही दिवसांत दहा-बारा रुपयांना, काही कंपन्यांची त्याहूनही कमीला मिळू लागली. पण ज्यांच्या चिठ्ठीवर जुन्या ब्रँडचं नाव आणि खाली 'कंटिन्यू' आहे, त्यांना मी स्वस्त गोळी देऊ शकत नाही. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधात बदल करायची परवानगी देत नाही, घटक तोच असला तरी. जनऔषधी केंद्रं १५ हजारांवर गेली, त्याचं कौतुकच आहे. पण हा नियम तिथल्या फार्मासिस्टलाही बांधतो. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे घटकाचं नाव लिहावं हा आयोगाचा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला.

म्हणून काही मागण्या. संहितेचा कायदा करा आणि दंड कंपनीच्या त्या ब्रँडच्या विक्रीशी जोडा, नाहीतर दंडसुद्धा मार्केटिंगच्या खर्चात बसेल. कंपनी कोणत्या डॉक्टरला काय देते ते अमेरिकेसारखं उघड्या नोंदवहीत टाका. तिथे २०१४ पासून कोणालाही ते बघता येतं. एकच घटक, तेवढीच मात्रा असेल तर पेशंटला विचारून स्वस्त ब्रँड देण्याची मुभा फार्मासिस्टला द्या. त्याआधी औषधांची गुणवत्ता तपासणी वाढवावी लागेल, कारण डॉक्टरांची स्वस्त औषधांबद्दलची शंका सगळीच खोटी नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवर विकली जाणारी जीवनसत्त्वं, म्हणजे या ताकदीच्या गोळ्या, दर नियंत्रणाखाली आणा.

आणि 'कंटिन्यू' या शब्दाला मुदत घाला. चिठ्ठीवर प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आणि कधीपर्यंत, एवढं लिहिणं बंधनकारक करा. मुदत संपली की मी पट्टी देणार नाही, पेशंटला डॉक्टरकडे परत पाठवीन. बीपी-शुगरच्या औषधात मात्र खंड पडू नये म्हणून महिनाभराची सवलत ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत या आजारांची तपासणी होतेच. तिथेच वर्षातून एकदा पेशंटने घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायची आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं, असा एक दिवस नेमून द्या. सुरुवात पित्ताच्या कॅप्सूलपासून करता येईल.

आपला,
एक फार्मासिस्ट
जि. सांगली