सुरमईची तुकडी म्हणजे केक नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ओव्हनमधल्या मसाला सुरमईची कृती वाचली. तव्यापाशी उभे न राहता रात्रीचे जेवण व्हावे, ही कल्पना चांगलीच आहे. पण '180 अंशांवर 40 मिनिटे' हे त्यातले प्रमाण पाहून राहवले नाही. सुरमईचा भाव लक्षात घेता ही चूक वाचकांना महागात पडेल.

180 अंश हा केकचा आकडा. मासा मध्यभागी 60 ते 63 अंशांपर्यंत तापला की शिजला. त्यापुढे त्याचे तंतू आवळतात, पाणी बाहेर पडते आणि तुकडीच्या कडेला दह्याच्या कणीसारखे पांढरे थेंब जमतात. ते माशातले गोठलेले प्रथिन. ते भरपूर दिसले, तर वेळ केव्हाच टळून गेली असे समजावे. 40 मिनिटांत हाती भुसाच येणार.

हॉटेलच्या मेनूत ज्याला 'फिश स्टेक' म्हणतात ती आपली हीच आडवी कापलेली, मध्ये काटा असलेली तुकडी. ओव्हनसाठी ती दोन सेंटिमीटर जाड हवी. कोळीण सवयीने तळायच्या मापाची पातळ तुकडी करते, म्हणून आधीच सांगावे. शेपटीकडच्या तुकड्या लहान असतात. त्या ट्रेच्या पुढच्या कडेला, दाराकडे ठेवाव्यात, म्हणजे दोन मिनिटे आधी काढता येतात.

ओव्हन 230 अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, निदान 15 मिनिटे तापवावा, आणि ट्रे रिकामा आतच ठेवावा. सगळी मेख या ट्रेत आहे. तापल्या ओव्हनच्या हवेत क्षणभर हात गेला तर भाजत नाही, ट्रेला बोट लागले तर लगेच फोड येतो. हवा उष्णता सावकाश देते, धातू झटकन. थंड ट्रेवर ठेवलेली तुकडी खालून आपल्याच पाण्यात उकडते. तापल्या ट्रेवर चमचाभर तेल फिरवून ठेवली की चर्र आवाज येतो, आणि ती उलटावीही लागत नाही. पंखा असलेल्या ओव्हनला 210 अंश पुरतात. मायक्रोवेव्हचा साधा मोड इथे कामाचा नाही, कन्व्हेक्शनच लावावा.

आता मसाला. अर्धा किलोच्या चार तुकड्यांना एक सपाट चमचा मीठ, पाव चमचा हळद, दीड चमचा लाल तिखट, एक चमचा आले-लसणाचे वाटण, दोन चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस) आणि एक मोठा चमचा तेल. आगळात मीठ असतेच, म्हणून ते घरच्यासारखे खारट असेल तर मीठ निम्मे करावे. पुरवणीतल्या कृतीत तेल 'ऐच्छिक' म्हटले आहे. ते ऐच्छिक नाही. हळदीचा आणि तिखटाचा रंग तेलात उतरतो, कोरडे तिखट ओव्हनमध्ये नुसते काळवंडते. मालवणी मसाला वापरायचा तर अर्ध्या चमच्यावर जाऊ नये, कारण तो आधीच भाजलेला असतो आणि दुसऱ्या आचेत चटकन करपतो. लसूण ठेचलेली नको, बारीक वाटलेलीच हवी. ठेच्याचे कण आधी जळतात आणि अख्ख्या तुकडीला कडू चव देतात.

मसाला चोळण्याआधी तुकड्या स्वच्छ फडक्याने टिपून अगदी कोरड्या कराव्यात. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान शंभर अंशांच्या वर जातच नाही, मग कुरकुरीतपणा कुठून येणार? मुरवायला वीस मिनिटे पुरतात. 'रात्रभर मुरवा' हा सल्ला मटणाला ठीक. कोकम किंवा लिंबाच्या आंबटाने मासा वरून पांढुरका पडतो आणि भाजताना कुसकरतो.

रव्याचे आवरण हवे असेल तर दोन मोठे चमचे रवा आणि तेवढेच तांदळाचे पीठ घेऊन त्यात दोन लहान चमचे तेल बोटांनी चोळावे. मुठीत दाबल्यावर किंचित धरते इतपत. ओव्हनमध्ये कोरडा रवा पांढराच राहतो आणि दातांखाली वाळूसारखा लागतो, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते.

तुकड्यांमध्ये दोन बोटे अंतर ठेवावे, दाटी केली की वाफ कोंडते. ट्रे मधल्या कप्प्यात. दोन सेंटिमीटर जाडीला नऊ ते दहा मिनिटे, त्यातली शेवटची दोन फक्त वरच्या कॉइलवर. मधल्या काट्याजवळ सुरीचे टोक खुपसून पाहावे: मांस काट्यापासून सुटले आणि आतली काचेसारखी झाक गेली की बाहेर काढावे. बाहेरही ती दोन मिनिटे शिजत राहते. ट्रेवर ॲल्युमिनियमची फॉइल अंथरू नये. आगळाच्या आंबटाने तिला भोके पडतात आणि कातडी तिलाच चिकटून राहते.

एक गोष्ट चवीची नाही, तब्येतीची आहे. सुरमई बांगड्याच्याच कुळातली. हे मासे बर्फाविना राहिले की जिवाणूंमुळे त्यांत हिस्टामिन तयार होते, आणि ते 230 अंशांच्या ओव्हनमध्येही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, अंगाला खाज सुटणे असा त्रास होतो आणि लोक 'मासा बाधला' म्हणून सोडून देतात. म्हणून मसाला लावलेल्या तुकड्या फ्रिजमध्येच मुराव्यात, ओट्यावर नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गोठवलेली सुरमई आणली तर तीही फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू द्यावी. कोमट पाण्यात टाकली की वरचा थर पिलपिलीत होतो आणि आत बर्फच राहतो.

पुढच्या रविवारी निदान तापमान आणि वेळ, एवढे दोन आकडे तरी दुरुस्त करून छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण