डायलिसिसने शुगर उतरली, डायबिटीस नाही गेला

मा. संपादक,

परवाच्या आरोग्य पुरवणीतला डायबिटीस आणि किडनीवरचा लेख वाचला. छान होता, पण सगळा भर किडनी वाचवण्यावर, ज्यांची किडनी आधीच गेलीये त्यांच्या शुगरचं पुढे काय होतं यावर एक ओळसुद्धा नाही. आमच्या घरी हे चार वर्षं चाललंय म्हणून लिहितेय.

बाबांचं आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं, असतं. सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत फास्टिंग शुगर 90, कधी 85 यायला लागली आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, बघा, मशीनने डायबिटीसच बरा केला. आम्हीही खूश, इन्सुलिन मात्र पूर्वीच्याच डोसने चालू. मग एके दिवशी डायलिसिसहून परतताना गाडीत बाबांना दरदरून घाम, शर्ट पाठीला चिकटलेला, विचारलं काय होतंय तर भलतंच काहीतरी उत्तर. मला वाटलं बीपी पडलं असेल, डायलिसिसनंतर पडतंच बऱ्याचदा. घरी येऊन मीटर लावला तर शुगर फक्त 46!

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. किडनी बंद पडली की रक्तात साचणारी घाण आणि वाढलेलं ॲसिड यामुळे स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात आणि तो डायबिटीस नसलेल्या किडनी पेशंटलाही असतो. मुख्य गडबड स्नायूंत आहे हे डीफ्रॉन्झो नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्येच दाखवलंय, म्हणजे माहिती काही नवी नाही, फक्त आमच्यापर्यंत कुणी पोचवली नव्हती. डायलिसिसने ती घाण कमी होते आणि इन्सुलिन पुन्हा बरंचसं लागू पडायला लागतं, पूर्ण नाही. पण दुसरी बाजू अशी की अंगातलं बरंच इन्सुलिन मोडून काढायचं काम किडनीचं, ती बंद म्हटल्यावर टोचलेलं इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं, शिवाय उपाशीपोटी थोडी साखर किडनीही बनवते, तीही गेली. एकीकडे इन्सुलिन जास्त लागू पडतंय आणि वर ते टिकतंयही जास्त, मग जुना डोस अंगावर येणारच ना?

एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या टेस्टचा आकडा, तोपण फसवा निघाला. आमचा 5.8 आला तेव्हा मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता (आता हसू येतं). डायलिसिसच्या पेशंटच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यात रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतात, त्यामुळे आकडा खोटाच कमी दिसू शकतो.

पोटाच्या डायलिसिसचं तर वेगळंच, त्यात रक्त साफ करायला पोटात जे पाणी भरतात त्यात ग्लुकोजच असतं आणि ते अंगात शोषलं जातं, त्यामुळे तिथे शुगर उलट वाढू शकते. एकाचा सल्ला दुसऱ्याला देऊ नये तो यासाठीच.

आमच्या सेंटरमध्ये वजन आणि बीपी दर वेळी आधी-नंतर बघायचे, शुगर मात्र आम्ही मागे लागल्यावर. इन्सुलिन डॉक्टरांनी आता जवळपास निम्मं केलंय. आणि शुगर पडली की ज्यूस द्या असं सगळे सांगतात, पण किडनीवाल्यांना त्यातलं पोटॅशियम नको असतं, म्हणून गाडीत ग्लुकोज पावडरचा डबा ठेवलाय, दोन घोट पाण्यात कालवून देते, कारण पाणीही मोजूनच. पुढच्या पुरवणीत एवढं तरी छापा.

आपली,
एक वाचक